टॉम आणि जेरी, नव्या संचात

फ्रेड क्विम्बी या गृहस्थाने मांजराचं एक चित्रसुद्धा काढलेलं नाही, तरी टॉम आणि जेरीच्या चाहत्यांत त्याच्याइतका मान कुणाला नाही. १९९५ साली कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं आणि गिरगावातल्या आमच्या चाळीत केबलवाल्याची वायर घरोघर फिरली, तेव्हा माझ्या भाचरांना इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. पण सुरुवातीच्या पाटीवर क्विम्बीची अक्षरं दिसली की ती सरसावून बसत. ती नसली आणि वर संगीतही घुमल्यासारखं वाजायला लागलं, की "ए, हे डुप्लिकेट आहे" म्हणत एखादा पाणी प्यायला उठायचा. चॅनेल सगळी कार्टून एकाच माळेत ओवून दाखवायचं, १९४५च्या शेजारी १९६२चं, त्याला लागून १९६५चं. कुठलं कुणी केलं हे सांगणारं कोणी नव्हतं. पोरांनी त्यांचे तीन ढीग आपापले पाडले होते, आणि ते अगदी बरोबर होते.

मी तेव्हा अंधेरीच्या एका स्टुडिओत इनबिटवीनर म्हणून लागले होते. दिवसभर लाइट बॉक्सवर मान घालून दोन पोझच्या मधली चित्रं काढायची. बाहेरच्या देशातल्या मालिकांची कामं यायची. लेआउट यायचे, एक्स-शीट यायची, आणि कुठलं चित्र किती फ्रेम टिकणार ते तिकडेच ठरून यायचं. आम्ही रेषा भरायच्या. त्यामुळे घरी येऊन टॉम-जेरी पाहताना माझी नजर गोष्टीवर कमी आणि मोजण्यावर जास्त असायची. जुनं कार्टून नव्या संचात करायचं म्हणजे नेमकं काय बदलतं आणि काय हातचं जातं, हे मला या मांजर-उंदरांनी जितकं दाखवलं तितकं दुसऱ्या कुणी नाही. कारण हा प्रयोग त्यांच्यावर एकदा नाही, पुनःपुन्हा झाला, आणि प्रत्येक वेळी संच निवडणाऱ्यांची कारणं वेगळी होती.

मूळ संचाकडे आधी पाहू. क्विम्बी मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या कार्टून विभागाचा निर्माता, मूळचा विक्री-वितरणातला. विनोदाचं त्याला अंग नव्हतं, असं त्याच्या हाताखालच्या लोकांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. मालिकेला सात ऑस्कर मिळाली, ती त्याच्या खात्यावर जमा झाली. काम करणारे दोघे होते, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. बार्बेरा न्यूयॉर्कचा, बँकेत कारकुनी करता करता मासिकांना व्यंगचित्रं विकणारा. हात विलक्षण वेगवान. गोष्ट बोलता बोलता कागदावर उतरवायचा. हॅनाची चित्रकला बेताची, पण कान तयार आणि वेळेचा हिशेब पक्का. दोघांची टेबलं समोरासमोर होती. १९४० साली त्यांनी 'पस गेट्स द बूट' केलं. त्यात मांजराचं नाव जॅस्पर होतं, उंदराला पडद्यावर नावच नव्हतं, आणि पाटीवर श्रेय त्यांच्या वरिष्ठाचं, रुडॉल्फ आयझिंगचं. क्विम्बीला मांजर-उंदराची जोडी जुनाट वाटली. एक झालं, पुरे, असं त्याचं मत. मग टेक्ससहून बेसा शॉर्ट या चित्रपटगृहाच्या धंद्यातल्या बाईंचं पत्र आलं, की या मांजर-उंदराचं पुढचं कधी पाठवताय? कार्टून ऑस्करच्या नामांकनात गेलं, तेव्हा क्विम्बी नरमला. स्टुडिओत नावांची स्पर्धा लावली. जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरने चिठ्ठीत 'टॉम अँड जेरी' लिहिलं आणि ५० डॉलर मिळवले.

त्या खोलीत काम कसं चालायचं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सिनेमाला सेकंदाला २४ फ्रेम लागतात. हॅना मेट्रोनोम लावून बसायचा आणि हालचाल तालात बांधायचा. बारा फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० मात्रा पडतात. आठ फ्रेमला धरला तर १८०, म्हणजे पाठलाग. ही गणितं बार-शीटवर मांडली जायची, आणि बार-शीट म्हणजे जवळजवळ स्वरलिपीचाच कागद. तोच कागद संगीतकार स्कॉट ब्रॅडलीच्या हाती जायचा. आपटणं, घसरणं, शेपटी मुरगळली जाणं, या सगळ्यासाठी तो आधीच बांधलेल्या मात्रांवर वाद्यं लिहायचा. १९४४च्या एका कार्टूनमध्ये त्याने शोनबर्गची बारा स्वरांची पद्धत उंदराच्या पळापळीसाठी वापरली. ऐकणाऱ्या पोरांना पत्ता नसेल. मग आयर्विन स्पेन्स, केनेथ म्यूज, एड बार्ज, रे पॅटरसन ही अ‍ॅनिमेटर मंडळी. स्पेन्सचा टॉम रबरासारखा ताणला जायचा, म्यूजची जेरीवर विशेष हुकमत. वर्षानुवर्षं हीच माणसं, हाच क्रम. टॉमची ती जगप्रसिद्ध आरोळी? ती हॅनाने स्वतः मारलेली.

'द कॅट कॉन्सर्टो' मी पुण्यात शिकवायला लागल्यापासून मुलांना आवाज बंद करून दाखवते. टॉम पियानोवर लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला बसतो. रुमाल काढतो, घाम टिपतो, हात उचलतो आणि ते वरच ठेवतो. हा जो होल्ड आहे, जिथे पडद्यावर काहीच हलत नाही, तिथे मुलं हसायला लागतात. अजून विनोद झालेलाच नसतो. आत वाद्याच्या हातोड्यांवर झोपलेला जेरी उसळून जागा व्हायचा असतो. एक्स-शीटवर होल्ड म्हणजे एक उभी सरळ रेघ असते. ती किती लांब ओढायची हे चित्रकार ठरवत नाही, चित्रकाराच्या समोर बसलेला माणूस ठरवतो. नंतर मी आवाज लावते, आणि टॉमची बोटं ज्या पट्ट्यांवर पडतात तेच सूर ऐकू येतात हे मुलांच्या लक्षात येतं. चित्र आणि संगीत एका कागदावर आधी भेटल्याशिवाय हे होत नाही.

हा संच १९५७ साली मोडला. टीव्हीने थिएटरचा गल्ला खाल्ला होता, आणि हिशेब करणाऱ्यांच्या ध्यानात आलं की जुनी कार्टून पुन्हा लावली तरी जवळपास नव्याइतकेच पैसे येतात. मग नवी कशाला? एक फोन आला आणि विभाग बंद. १९४० ते १९५८ या काळात ११४ टॉम-जेरी पडद्यावर आली. हॅना-बार्बेरा टीव्हीकडे गेले, ब्रॅडली निवृत्त झाला, बाकीचे पांगले.

तीनच वर्षांत मेट्रोच्या वरिष्ठांना नवी टॉम-जेरी हवीशी झाली, पण स्वस्तात. इथे निवड झाली जीन डाइचची. डाइच काही लुंगासुंगा नव्हता. शिकागोचा, यूपीए स्टुडिओत घडलेला, टेरीटून्सचा क्रिएटिव्ह डायरेक्टर राहिलेला. १९५९ साली विल्यम स्नायडर या निर्मात्याच्या कामासाठी तो दहा दिवसांच्या बोलीवर प्रागला गेला, तिथल्या स्टुडिओतल्या झ्डेन्काच्या प्रेमात पडला, आणि २०२० साली वारला तो प्रागमध्येच. त्याच्या 'मन्रो'ला १९६१ साली ऑस्कर मिळालं, अमेरिकेबाहेर बनलेल्या कार्टूनला मिळालेलं पहिलं. म्हणजे कागदावर पाहिलं तर माणूस उत्तम, स्टुडिओ उत्तम, दर परवडणारा. एका कार्टूनला सुमारे १० हजार डॉलर. मूळ संच त्याच्या कित्येक पट खर्च करायचा.

अडचणी कुठे होत्या ते मोजू या. डाइचला टॉम-जेरी आवडत नव्हते. विनाकारण मारामारीचा नमुना म्हणून तो त्यांच्याकडे बघायचा. प्रागचे अ‍ॅनिमेटर कसबी, पण पोलादी पडद्याआड राहणारे. त्यांनी ही मालिका फारशी पाहिलेलीच नव्हती. अभ्यासाला मोजकी जुनी रिळं मिळाली. संगीत श्टेपान कोनिचेकचं, प्रागमधलं. ध्वनीचे इफेक्ट टॉड डॉकस्टेडरचे, आणि तो न्यूयॉर्कचा इलेक्ट्रॉनिक संगीतवाला. भाचरांना जे घुमल्यासारखं वाटायचं ते हेच. प्रतिध्वनी भरलेला, पत्र्याच्या टाकीत डोकं घातल्यासारखा आवाज. शीतयुद्धाचे दिवस, तेव्हा पाटीवर चेक माणसांची नावं इंग्रजी वळणाची करून घातली. वाक्लाव लीडलचा झाला व्हिक्टर लिटल. जुन्या कार्टूनच्या शेवटी 'मेड इन हॉलिवूड' असायचं. डाइचने केलेल्या तेरा कार्टूनांत ते नाहीच, आणि दुसरं कुठलं गावही नाही.

सेकंदाला २४ फ्रेम प्रागलाही होत्याच. पण वेळ बांधणारा, चित्र काढणारा आणि संगीत लिहिणारा यांच्या मध्ये आता एक बार-शीट नव्हती, अटलांटिक महासागर होता. त्यामुळे टॉम आपटतो ते एका क्षणी, आवाज येतो तो मनाने दुसऱ्याच क्षणी. फ्रेम मोजल्या तर चूक सापडत नाही, तरी जुळत नाही. आणखी एक गोष्ट या तेरांत आहे, ती मला फार विचित्र वाटते. टॉमला जो नवा मालक दिला, तो जाडा, टकला, रागाने लालबुंद होणारा; तो टॉमला मारतो तेव्हा हसू येत नाही, खरंच दुखल्यासारखं वाटतं. मारामारीचा तिटकारा असलेल्या माणसाने काढलेली मारामारी जुन्यापेक्षा क्रूर निघाली. त्यातून त्याने १९६२ साली 'टॉम अँड जेरी कार्टून किट' केलं. त्यात सुरुवातीला निवेदक एक खोका उघडतो, मांजर काढतो, उंदीर काढतो, मग नाना प्रकारची हत्यारं. तुम्हीही घरी टॉम-जेरी बनवा! आपल्याच कामाची अशी जाहीर टर उडवणारा दिग्दर्शक मी दुसरा पाहिला नाही. पुढे चाहत्यांनी त्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि तो त्यांना मोकळेपणाने उत्तरंही देत राहिला. मला विचाराल तर जोन्सच्या चौतीस कार्टूनपेक्षा डाइचची तेरा जास्त शिकवतात. पाहायला मात्र बसवत नाहीत.

जोन्स म्हणजे चक जोन्स. मेट्रोने दुसऱ्या खेपेला अगदी उलट टोक गाठलं. अनोळखी नको, सर्वांत मोठं नाव आणा. जोन्स वॉर्नर ब्रदर्सचा. रोड रनर आणि कायोटी त्याचे. वॉर्नरशी करार असताना त्याने बायकोबरोबर यूपीएसाठी 'गे पर-ई' हा मांजरांचाच चित्रपट लिहिला. तो वितरणासाठी फिरत फिरत नेमका वॉर्नरकडेच आला, तेव्हा बिंग फुटलं आणि जोन्सची नोकरी गेली. वॉर्नरचा कार्टून विभागही लवकरच बंद पडला. जोन्सने लेस गोल्डमनबरोबर 'सिब टॉवर १२' काढली, आणि १९६३ ते १९६७ मध्ये ३४ टॉम-जेरी केली.

नुसता जोन्स आला नव्हता. कथेला मायकेल माल्टीज, रेखाटनाला मॉरिस नोबल, अ‍ॅनिमेशनला केन हॅरिस, बेन वॉशम, एब लेव्हिटाव, आवाजाला मेल ब्लँक. वॉर्नरचा पुरा फड उठून मेट्रोच्या मांडवात आला. वर्षानुवर्षं एकत्र जमलेला, एकमेकांच्या खुणा ओळखणारा संच. डाइचला जे मिळालं नव्हतं तेच यांच्याकडे सज्ज होतं. अडचण एकच. ती सवय दुसऱ्याच प्राण्यांची होती. जोन्सचा कायोटी स्वतःच्या हट्टापायी दरीत पडतो. रोड रनरला त्याच्याकडे बघायचीही गरज पडत नाही. पडण्याआधी कायोटी आपल्याकडे बघतो, भुवया उंचावतो, तिथे विनोद असतो. टॉमचं तसं नाही. टॉम पडतो तो जेरीमुळे, आणि जेरी काही गरीब बिचारा नाही. १९४४च्या 'द मिलियन डॉलर कॅट'मध्ये टॉमला दहा लाखांचा वारसा मिळतो, अट एवढीच की कुणाही जिवाला, उंदरालासुद्धा, इजा करायची नाही. ती अट कळल्यावर जेरी त्याचा जो छळ मांडतो, तो सासुरवासाच्या तोडीचा आहे. शेवटी टॉम पैशावर पाणी सोडतो आणि मनसोक्त मारामारी करून घेतो. या जोडीचं इंजिन ते आहे, दोघांनाही भांडणाची गरज.

जोन्सच्या हातात जेरीचे डोळे आणि कान मोठे झाले, पापण्या आल्या, गोडवा आला. टॉमला जाड भुवया मिळाल्या आणि तो भांडखोराऐवजी भावखाऊ नट झाला. सुरुवातीला मेट्रोच्या सिंहाच्या जागी टॉम फिस्कारतो, तिथपासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळं देखणं आहे. नोबलच्या पार्श्वभूमी भिंतीवर लावाव्यात अशा. पण पाठलागात वेगच नाही. पात्रं आपली नव्हती आणि आपल्याला ती नीट उमगली नाहीत, हे जोन्सने पुढे स्वतःच कबूल केलं. मला हा कबुलीजबाब मोठा वाटतो, कारण त्याच वर्षांत त्याच स्टुडिओत त्याने 'द डॉट अँड द लाइन' केलं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि १९६६ साली टीव्हीसाठी ग्रिंचचं कार्टून केलं. म्हणजे संच थकलेला नव्हता. कामाशी जुळलेला नव्हता.

याच संचाने आणखी एक काम केलं, ज्याची चर्चा कमी होते. जुन्या टॉम-जेरीत घरकाम करणारी एक कृष्णवर्णीय बाई आहे. चेहरा क्वचितच दिसतो, पाय आणि चपलाच दिसतात. काळ्या लोकांच्या त्या काळच्या टिंगलीच्या साच्यातून काढलेलं ते पात्र. अमेरिकेत त्यावर आक्षेप घेतले गेले, आणि १९५२नंतर ती मालिकेतून गेली. साठीच्या दशकात जुनी कार्टून टीव्हीवर जायची ठरली, तेव्हा जोन्सच्या माणसांनी त्यांतल्या काही कार्टूनमध्ये फ्रेमवर फ्रेम ती पुसून तिथे एक सडपातळ गोरी बाई काढली, आणि जून फोरेने तिला आयरिश हेलाचा आवाज दिला. जुनं जसंच्या तसं पवित्र असतं असं म्हणणाऱ्यांना मी हे दाखवते. आमच्या वडिलांनी टॉम-जेरी धोबीतलावच्या मेट्रो टॉकीजमध्ये पाहिले, ते त्या बाईसकट. त्यांना तिचं काही वाटलं नव्हतं. ते हसत होते ते ताटल्या फुटण्याला.

मग १९७५ आलं, आणि सगळ्या चाहत्यांच्या मनातली निवड झाली. टॉम-जेरी परत हॅना-बार्बेराकडे! ज्यांचं लेकरू त्यांच्याच मांडीवर. एबीसीवर शनिवारी सकाळी लागणारी मालिका. तिच्यात जेरीच्या गळ्यात लाल बो-टाय आहे, टॉम त्याचा मित्र आहे, आणि दोघं मिळून देशोदेशी हिंडतात, स्पर्धांत भाग घेतात. भांडण नाहीच. मुलांच्या कार्यक्रमांतल्या हाणामारीविरुद्ध पालकांच्या संघटनांनी रान उठवलं होतं आणि वाहिन्यांनी त्याचे नियम केले होते, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. मूळ संचाने ११४ कार्टून करायला अठरा वर्षं घेतली होती. १९७५च्या मालिकेची ४८ कार्टून एका हंगामात उरकायची होती. होल्ड या मालिकेतही खूप आहेत, पण ते चित्रं वाचवण्यासाठी. कॅट कॉन्सर्टोतल्या त्या होल्डशी त्यांचं नातं नाही. हॅना तोच होता, पण तोवर तो एका मोठ्या टीव्ही कारखान्याचा धनी होता. समोर बार्बेरा नव्हता, असंख्य मालिकांचे करार होते. ब्रॅडली नाही, स्पेन्सचा ताणलेला टॉम नाही. पाटीवरची दोन नावं परत आली, टेबल परत आलं नाही.

पुढची यादी भरभर सांगते, कारण तीत वेगळं काही घडत नाही. १९८०ला फिल्मेशनने केली, तुटपुंज्या चित्रांत. १९९०ला दोघांना लहान बाळं केलं. नंतर फिल रोमनच्या चित्रपटात त्यांना बोलायला आणि गायला लावलं. ज्यांची सगळी गंमत न बोलण्यात, त्यांना! २०१४ची मालिका संगणकावर बनली, रेषा स्वच्छ आणि पोझ सफाईदार, पण ताण नाही. २०२३ साली तर दोघं सिंगापूरच्या इमारतींत पळताना दिसले. निवडणाऱ्यांचे निकष दरवेळी वेगळे होते, पण दर करारात दोन प्रश्न राहून जातात असं दिसतं. संगीतकार पहिल्या आठवड्यात येणार की शेवटच्या? आणि होल्ड वाढवायची मुभा कुणाला आहे? आमच्याकडे कामं यायची तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं: इथे बसलेल्या कुणालाही नाही.

एक अपवाद मात्र मला लळा लावून गेला. २००५ साली 'द कराटे गार्ड' आलं. हॅना २००१ सालीच गेला होता. बार्बेरा नव्वदी ओलांडलेला. तरी गोष्ट त्याची, स्टोरीबोर्डवर हात त्याचा, आणि सहदिग्दर्शक स्पाइक ब्रँट, जो ही कार्टून बघत मोठा झालेल्या पिढीतला. पोझ पाहा, टॉमच्या पाठीची कमान पाहा. पन्नास वर्षांपूर्वीची आहे. फ्रेम मोजायला लागलं की दोन-तीन ठिकाणी घाई जाणवते, जिथे समोरच्या टेबलावरून कुणीतरी "थांब, अजून नको" म्हणायला हवं होतं. पुढच्याच वर्षी, २००६च्या डिसेंबरात, बार्बेराही गेला.

२०२१ साली वॉर्नरने टॉम आणि जेरीचा मोठा चित्रपट काढला. दिग्दर्शक टिम स्टोरी, माणसं खरी, प्राणी तेवढे कार्टून. तंत्र नवं, पैसा भरपूर, संच संपूर्ण नवा. टॉमच्या आरोळीसाठी मात्र त्यांनी हॅनाची जुनी ध्वनिमुद्रणंच काढली.